रुजू : परतण्याचा शब्द आणि त्याचे नियम



मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला 'रुजू' या शब्दाचा अर्थ विचारला, तर तो म्हणेल, कामावर हजर होणे. बाई रजेनंतर शाळेत रुजू झाल्या, नवे तहसीलदार काल रुजू झाले, अशी वाक्ये तो रोज ऐकतो. तोच प्रश्न मदरशातील मुलाला विचारला, तर तो म्हणेल, परतणे. दोघांचेही उत्तर बरोबर आहे, कारण शब्द एकच आहे. अरबी भाषेतील रा, जीम, ऐन या तीन अक्षरांच्या धातूपासून 'रुजूअ' हा शब्द बनला. तो फारसी दफ्तरांच्या वाटेने मराठीत आला. वाटेत शेवटचा 'ऐन' गळून पडला आणि आपल्याकडे 'रुजू' उरला. (बी रुजते त्या 'रुजणे'शी त्याचा काही संबंध नाही. ते केवळ ध्वनिसाम्य आहे.)

मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला आपल्या व्यवहारात मुरवले. जुन्या मोडी कागदांवर 'रुजू' असा शेरा आढळतो. कागद पाहिला, दफ्तराशी ताडला, बरोबर निघाला, असा त्याचा भाव. दोन हिशेब समोरासमोर ठेवून जुळवण्याला आपण आजही 'रुजुवात' म्हणतो. कोकणातील आपले हिंदू शेजारी देवाच्या चरणी सेवा 'रुजू' करतात. या सर्व वापरांत एक समान धागा आहे. जी गोष्ट कोठेतरी दूर, अनिश्चित किंवा अपूर्ण होती, ती तिच्या मूळ ठिकाणी येऊन समोर उभी राहिली आणि तशी नोंद झाली, म्हणजे ती रुजू झाली.

हा धागा लक्षात ठेवावा, कारण दीनच्या परिभाषेत 'रुजू' हा शब्द ज्या अर्थाने येतो, त्याला आजच्या मराठीत आपण 'फेरविचार' किंवा 'पुनर्विचार' म्हणू. मात्र हे शब्द अपुरे पडतात. फेरविचार मनात होतो. तो करून माणूस पुन्हा गप्पही बसू शकतो. रुजू मात्र मनात पूर्ण होत नाही. आपण दिलेला निर्णय, उच्चारलेला शब्द, मांडलेले मत यांपासून मागे वळून माणसाला योग्य जागी हजर व्हावे लागते, आणि ज्यांना पहिला शब्द कळला होता त्यांना दुसराही कळावा लागतो. नोकरदार माणूस घरी बसून 'मी रुजू झालो' असे मनाशी म्हणाला, तर कार्यालयात त्याची गैरहजेरीच लागते.

कुरआनमध्ये हा धातू पुष्कळ ठिकाणी आला आहे. मृत्यूची वार्ता कानी पडताच आपण जे शब्द उच्चारतो, त्यातील शेवटचा शब्द 'राजिऊन' म्हणजे परतणारे. सूरह फज्रच्या अखेरीस समाधानी आत्म्याला आपल्या पालनकर्त्याकडे परत येण्यास सांगितले आहे, तेथेही हाच धातू आहे. परंतु सर्वांत घरगुती उदाहरण सूरह नूरमध्ये आहे. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर परवानगी मागावी आणि परत जाण्यास सांगितले, तर परत जावे, हेच तुमच्यासाठी अधिक पवित्र आहे, अशा आशयाची ती आयत आहे (२४:२८). मीरा रोडच्या इमारतींत, जेथे एका मजल्यावर चार-सहा दारे समोरासमोर असतात, तेथे या आयतीचा प्रसंग रोज येतो. बेल वाजवली, आतून 'आता जमणार नाही, नंतर या' असा आवाज आला, की कित्येकांचा चेहरा उतरतो आणि पुढे महिनाभर सलाम बंद होतो. दारातून माघारी वळण्यात अपमान नाही, उलट शुद्धता आहे, असे कुरआन सांगतो. ज्याला एवढे लहान परतणे जमत नाही, त्याला मोठे परतणे कसे जमावे?

आणखी एक भेद आरंभीच स्पष्ट करतो, कारण त्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही. तौबा आणि रुजू या एकच गोष्टी नव्हेत. 'तौबा' या शब्दाच्या मुळाशीही परतणेच आहे, पण तौबा गुनाहपासून असते आणि ती अल्लाहकडे असते. रुजू मात्र अशा मतापासून किंवा निर्णयापासूनही असतो, ज्यात गुनाह मुळीच नव्हता. न्यायाधीश प्रामाणिकपणे विचार करून चुकला, तरी त्याला एक पुण्य आहे आणि बरोबर निघाला तर दोन, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम यांत आले आहे. तेव्हा आपले मत बदलणारा प्रत्येक माणूस अपराधाची कबुलीच देत असतो असे नव्हे. आपल्या समाजात अनेकांची जीभ येथेच अडते. 'मी शब्द परत घेतला तर लोक म्हणतील, हा आधी खोटा होता.' मराठीतले वाक्प्रचारही याला खतपाणी घालतात. 'शब्द फिरवणे' म्हणजे दगा, 'माघार घेणे' म्हणजे हार. रुजू या शब्दात यांपैकी काहीच नाही.

थोरांचे परतणे

हजरत उमर (रजि.) यांनी बसऱ्याचे राज्यपाल हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना न्यायदानाविषयी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. इब्ने कय्यिम (रह.) यांनी आपल्या 'इअलामुल मुवक्किईन' या ग्रंथात त्यावर विस्तृत भाष्य केले आहे. त्या पत्राचा एक आशय असा : काल तू एक निर्णय दिलास आणि आज विचार केल्यावर तुला योग्य मार्ग दिसला, तर कालचा निर्णय तुला सत्याकडे परतण्यापासून अडवू नये. सत्य जुने आहे आणि चुकीवर अडून राहण्यापेक्षा सत्याकडे परतणे चांगले.

उमर (रजि.) यांनी हे केवळ लिहिले नाही. वारसाहक्काच्या शास्त्रात 'हिमारिया' नावाचा एक प्रश्न आहे. एक स्त्री मरण पावली. मागे पती, आई, आईकडून असलेले दोन किंवा अधिक सावत्र भाऊ आणि सख्खे भाऊ राहिले. कुरआनच्या नियमानुसार पतीला निम्मा, आईला सहावा आणि आईकडच्या भावंडांना मिळून तिसरा हिस्सा. बेरीज पूर्ण झाली. सख्खे भाऊ उरलेल्या मालाचे वारस असतात, आणि उरले काहीच नाही. प्रथम हा प्रश्न आला तेव्हा उमर (रजि.) यांनी सख्ख्या भावांना काही दिले नाही. पुढे तसाच प्रश्न पुन्हा आला. सख्खे भाऊ म्हणाले, आमचा बाप गाढव होता असे समजा, पण आमची आई तर तीच आहे ना? (गाढवाला अरबीत हिमार म्हणतात. नाव त्यावरून पडले.) तेव्हा त्यांनी सख्ख्या भावांनाही त्या तिसऱ्या हिश्श्यात सहभागी केले. पहिल्या खेपेला आपण वेगळा निर्णय दिला होता, असे कोणी म्हणाले असता त्यांनी उत्तर दिले की, ते तेव्हाच्या निर्णयाप्रमाणे होते आणि हे आताच्या निर्णयाप्रमाणे आहे. म्हणजे त्यांनी मत बदलले, ते लपवले नाही, आणि पूर्वी ज्यांच्यात वाटणी झाली होती त्यांच्याकडून ती परतही मागितली नाही.

या प्रश्नात शाफई पंथाने उमर (रजि.) यांचा दुसरा निर्णय घेतला आणि हनफी पंथाने पहिला. मीरा-भाईंदरमध्ये रत्नागिरी-रायगडहून आलेली कोकणी शाफई कुटुंबे आणि उत्तर प्रदेशातून आलेली हनफी कुटुंबे एकाच जिन्याने चढतात-उतरतात. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर तर शहरातील कितीतरी घरे इकडे हलली आणि ही सरमिसळ अधिकच वाढली. हिमारियाचा प्रश्न दोन शेजाऱ्यांत निघाला, तर दोघांची उत्तरे भिन्न येतील आणि दोन्ही उत्तरे एकाच खलीफाच्या मुखातील असतील. मला हे नेहमीच फार सुंदर वाटत आले आहे.

इमाम शाफई (रह.) यांचे तर संपूर्ण फिक्ह दोन भागांत सांगितले जाते. इराकमध्ये असताना त्यांनी मांडलेले ते 'कौले कदीम', जुने मत. सन १९९ हिजरीच्या सुमारास ते मिस्रमध्ये गेले. तेथे नवी हदीस, नवे विद्वान, नवे लोकव्यवहार पाहून त्यांनी अनेक मते पुन्हा तपासली. ते 'कौले जदीद', नवे मत. सन २०४ हिजरीत त्यांचे निधन झाले, म्हणजे मिस्रमध्ये त्यांना जेमतेम पाच वर्षे मिळाली. तेवढ्या अवधीत त्यांनी आपले आयुष्यभराचे काम पुन्हा हाती घेतले. आज आपल्या कोकणी बांधवांच्या मशिदीत बहुतेक मसल्यांत जो फतवा दिला जातो, तो या परतलेल्या इमामांचा आहे.

इमाम अबू हनीफा (रह.) यांचे उदाहरण लहान पण बोलके आहे. जाड मोज्यांवर, म्हणजे चामडे न लावलेल्या मोज्यांवर, मसह करता येत नाही असे त्यांचे मत होते. त्यांचे दोन शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.), करता येते असे म्हणत. अखेरच्या आजारात इमामसाहेबांनी स्वतः तसा मसह केला आणि भेटीस आलेल्यांना सांगितले की, ज्यापासून मी लोकांना रोखत होतो ते मी आज केले. हनफी ग्रंथांत येथे क्रियापद आहे 'रजअ', ते परतले, आणि फतवाही त्यावरच आहे. गुरू शिष्यांच्या मताकडे परतला. (हे जाड, टिकाऊ मोज्यांविषयी आहे. आपल्या पातळ नायलॉनच्या मोज्यांना ते लागू नाही. थंडीत हा प्रश्न दरवर्षी येतो म्हणून लिहून ठेवले.)

आपल्या देशातील आणि आपल्या आजोबांच्या काळातील उदाहरण हवे असेल, तर मौलाना अशरफ अली थानवी (रह.) यांचे घ्या. इंग्रजी अमलात मुस्लिम काजी उरले नव्हते. पती बेपत्ता झाला, पोटाला देईना किंवा छळ करू लागला, तरी स्त्रीला सुटकेचा मार्ग हनफी फिक्हप्रमाणे जवळपास बंद होता. काही स्त्रिया केवळ निकाह तुटावा म्हणून धर्मत्याग जाहीर करू लागल्या. धर्मत्यागाने निकाह तुटतो, असा फतवा थानवीसाहेबांनीही पूर्वी दिला होता. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी 'अल-हीलतुन नाजिजा' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात मालिकी विद्वानांकडून मते मागवून अशा स्त्रियांसाठी न्यायाचा मार्ग खुला केला, आणि धर्मत्यागाविषयीचे मतही बदलले. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा ज्या विचारमंथनातून आला, त्यात या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. पुढे ज्यांना त्या कायद्याने दिलासा मिळाला, त्या स्त्रियांना एका आलिमाच्या रुजूचे नावही ठाऊक नसेल.

शपथ, भेट आणि साक्ष

सामान्य माणसाचा रुजू बहुधा शपथेपाशी अडतो. 'अल्लाहची कसम, भावाच्या दारात पाय ठेवणार नाही.' 'तिच्या लग्नाला जाणार नाही म्हणजे नाही.' मग दहा वर्षे लोटतात, राग केव्हाच निवलेला असतो, पण कसम घेतली आहे ना! प्रेषित (स.) यांचा आदेश येथे स्पष्ट आहे. एखाद्या गोष्टीची शपथ घेतली आणि नंतर दुसरी गोष्ट अधिक चांगली दिसली, तर चांगली गोष्ट करावी आणि शपथेचा कफ्फारा द्यावा. कफ्फारा सूरह माइदामध्ये (५:८९) आला आहे. दहा गरिबांना जेवू घालणे किंवा वस्त्र देणे आणि ते शक्य नसेल तर तीन रोजे. हनफींकडे हे रोजे सलग ठेवावे लागतात, शाफईंकडे सलग असणे आवश्यक नाही. नात्याची किंमत दहा जेवणांहून अधिक आहे की कमी, एवढाच हिशेब करायचा आहे.

हजरत अबू बक्र (रजि.) यांनाही असा प्रसंग आला. त्यांच्या कन्येवर, उम्मुल मोमिनीन आयशा (रजि.) यांच्यावर, बालंट घेण्यात आले, तेव्हा ते पसरवणाऱ्यांत मिस्तह हे त्यांचेच गरीब नातलग सामील झाले. मिस्तह यांचा खर्च अबू बक्र (रजि.) चालवत होते. तो यापुढे देणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. कोणता बाप घेणार नाही? परंतु सूरह नूरची आयत अवतरली (२४:२२), की तुमच्यातील संपन्न लोकांनी नातलगांना न देण्याची शपथ घेऊ नये, अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला वाटत नाही काय? अबू बक्र (रजि.) यांनी पुन्हा खर्च सुरू केला आणि तो कधीही थांबवणार नाही असे सांगितले. हदीसमध्ये येथेही 'रजअ' हाच धातू आहे.

मात्र प्रत्येक रुजू प्रशंसनीय आहे असे समजू नये. दिलेली भेट परत घेणाऱ्याला प्रेषित (स.) यांनी, ओकून पुन्हा तेच खाणाऱ्या कुत्र्याची उपमा दिली आहे. हे कठोर शब्द का, ते आपल्या वस्तीतील घरगुती भांडणांत बसल्यावर कळते. लग्नात सुनेला दागिना दिला, लोकांसमोर मिरवला, चार वर्षांनी बिनसले की 'तो आमचा होता.' खरोखरच वापरण्यापुरता दिला होता की कायमचा, हा प्रश्न वेगळा आणि तो देतानाच स्पष्ट केला पाहिजे. पण भेट म्हणून दिले आणि ताब्यात गेले, तर हनफी फिक्हनुसार पती-पत्नींपैकी एकाने निकाह असताना दुसऱ्याला दिलेली भेट विभक्त झाल्यावरही परत घेता येत नाही. महरचा तर प्रश्नच नाही. तो भेट नव्हेच, तो तिचा हक्क आहे. वसिय्यत याच्या उलट आहे. ती माणूस मरेपर्यंत केव्हाही बदलू किंवा रद्द करू शकतो. आणि साक्षीदाराने निकालापूर्वी साक्ष मागे घेतली, तर तिच्यावर निकाल देता येत नाही. निकालानंतर मागे घेतली, तर निकाल टिकतो आणि झालेल्या नुकसानीची भरपाई साक्षीदाराच्या माथी येते. परतण्यालाही वेळ असते, हे या नियमातून चांगले दिसते.

तलाकनंतरचा रुजू

आता ज्या मसल्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

आमच्याकडे येणाऱ्या कौटुंबिक प्रश्नांत एक प्रकार वारंवार दिसतो. पतीने रागात एकदा तलाक उच्चारला. कधी समोर, कधी फोनवर, कधी परदेशातून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. मुलगी माहेरी गेली. दोन्ही घरांनी धरून चालले की सर्व संपले. सामानाची यादी निघाली, महरचा हिशेब सुरू झाला. दोन-अडीच महिन्यांनी कोणीतरी मशिदीत येतो आणि खाली मान घालून विचारतो, 'मौलाना, आता काही होऊ शकत नाही ना?' त्याला सांगावे लागते की, बाबा, इद्दत संपेपर्यंत ती तुझी पत्नीच आहे. तिने तुझे घर सोडायलाच नको होते. तलाक या शब्दाबरोबर 'रुजू' हा शब्दही त्याला कोणी शिकवला असता, तर ते दोन महिने दोन घरे जळत राहिली नसती. खेद असा की, तलाक हा शब्द आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे, आणि रुजू म्हणजे कामावर हजर होणे!

कुरआनचा क्रम पाहा. सूरह तलाकच्या पहिल्याच आयतीत इद्दतची गणना करण्याचा, स्त्रियांना घरातून न काढण्याचा आणि त्यांनीही न निघण्याचा आदेश आहे. (उघड दुराचाराचा अपवाद तेथेच नमूद आहे.) त्याचे कारणही त्याच आयतीत सुचवले आहे. यानंतर अल्लाह कदाचित एखादी नवी गोष्ट निर्माण करील, हे तुला ठाऊक नाही. ही नवी गोष्ट म्हणजे मनाचे पालटणे, असे भाष्यकार सांगतात. एकाच छताखाली, चूल एक, मुले समोर, आणि घाई नाही. इद्दत ही शिक्षा नाही, ते राखून ठेवलेले दार आहे. सूरह बकरामध्ये (२:२२८) म्हटले आहे की, या मुदतीत त्यांना परत घेण्याचा पतींना अधिकार आहे, परंतु सुधारणेची इच्छा असेल तर.

प्रेषित (स.) यांच्या घरातही हा शब्द आला आहे. त्यांनी हजरत हफ्सा (रजि.) यांना तलाक दिला आणि नंतर रुजू केला, असे अबू दाऊदमध्ये हजरत उमर (रजि.) यांच्याकडून वर्णन आहे. हफ्सा त्यांचीच कन्या. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी पत्नीला मासिक पाळीच्या दिवसांत तलाक दिला, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना रुजू करण्यास फर्मावले. ज्या घराण्यात दोन पिढ्यांनी रुजू पाहिला, ते उमर (रजि.) यांचे घराणे होते. त्यांच्या इज्जतीत त्याने काय उणे झाले?

आता नियम. पत्नीशी सहवास झालेला असून पतीने स्पष्ट शब्दांत एक किंवा दोन तलाक दिले असतील, तर तो 'रजई', म्हणजे परतता येण्याजोगा तलाक होय. इद्दत साधारणपणे तीन मासिक पाळ्यांची. शाफई पंथात तीन शुद्धीकाळ मोजतात. गर्भवतीची प्रसूतीपर्यंत, आणि पाळी येत नसेल तर तीन चांद्रमास. लोकांत 'तीन महिने तेरा दिवस' असा जो हिशेब रूढ आहे, त्याला आधार नाही. प्रत्येक स्त्रीचा हिशेब तिचा स्वतःचा असतो. या मुदतीत पतीने 'मी तुला परत घेतले' किंवा 'मी रुजू केला' असे म्हटले की रुजू झाला. नवा निकाह नको, नवा महर नको. हनफींच्या मते पती-पत्नीप्रमाणे जवळीक केली तरी रुजू होतो, मात्र शब्दांनी करणे अधिक चांगले. शाफईंच्या मते शब्दच हवेत, जवळिकीने रुजू होत नाही. तेव्हा शाफई घरातील पतीने केवळ 'ती परत राहायला आली' एवढ्यावर विसंबू नये. संदिग्ध शब्दांनी तलाकच्या हेतूने दिलेला तलाक हनफींकडे बहुधा 'बाइन' होतो. त्यात रुजू नाही, पण उभयतांच्या संमतीने नवा निकाह होऊ शकतो. म्हणून नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, ते मुफ्तींना जसेच्या तसे सांगावे. त्यात सौम्यता आणू नये आणि भरही घालू नये.

एका दमात दिलेल्या तीन तलाकांचा मसला निराळा आहे. चारही इमामांच्या पंथांत ते तीन मानले गेले, अहले हदीस विद्वान एक मानतात, आणि भारतात २०१९ च्या कायद्याने तसा तलाक निरर्थक व दंडनीय ठरवला आहे. त्या चर्चेत मी येथे शिरत नाही. फक्त एवढे ध्यानात घ्यावे की, त्या कायद्याने केलेली व्याख्या तात्काळ आणि परत न घेता येणाऱ्या तलाकची आहे. ज्यात रुजूचे दार उघडे असते तो तलाक त्या व्याख्येत येत नाही. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठानेही २००२ मध्ये, पतीने 'मी तलाक दिला आहे' एवढे लेखी कळवणे पुरेसे नाही, त्यापूर्वी समेटाचा प्रयत्न झाल्याचेही सिद्ध झाले पाहिजे, असे म्हटले. दोन्ही घरांतून एकेक पंच नेमण्याचा कुरआनचा आदेश (४:३५) पाठ असूनही आपण तो व्यवहारात आणला नाही, हे दुसऱ्याकडून ऐकावे लागले.

रुजू हा पतीचा अधिकार आहे, यावरून त्याने तो शस्त्रासारखा वापरावा असे नाही. अज्ञानकाळात पती हवे तितक्या वेळा तलाक देई आणि इद्दत संपत आली की परत घेई. एकाने पत्नीला सांगितले होते की, मी तुला धड सोडणारही नाही आणि धड ठेवणारही नाही. ती तक्रार प्रेषित (स.) यांच्यापर्यंत पोहोचली आणि असा तलाक दोनदाच, ही मर्यादा (२:२२९) अवतरली, असे तिरमिजीमध्ये आहे. सूरह बकराच्या २३१ व्या आयतीत तर छळण्यासाठी स्त्रीला अडकवून ठेवण्याची स्पष्ट मनाई आहे. खुलाची मागणी येऊ नये, इद्दतनंतर तिने दुसरीकडे निकाह करू नये किंवा मुले आपल्याकडे राहावीत, एवढ्यासाठी केलेला रुजू कागदोपत्री लागू होईल, पण अल्लाहकडे त्याची रुजुवात वेगळी होईल. मुलीच्या बापालाही सांगणे आहे. सुधारणेच्या हेतूने जावई परत आला, तर 'आमच्या मुलीला सोडले होते ना, आता बघतोच' म्हणून दार लावू नये. आणि हेतूच शंकास्पद असेल, तर दोन्ही घरांचे पंच बसवून त्याच्या अटी लिहून घ्याव्यात.

साक्षीदारांविषयी थोडे. रुजू करताना दोन न्यायी साक्षीदार ठेवण्याचा उल्लेख सूरह तलाकच्या दुसऱ्या आयतीत आहे. इमाम शाफई (रह.) यांच्या जुन्या मतानुसार ते आवश्यक होते, नव्या मतानुसार ती अट नाही. म्हणजे रुजूच्या मसल्यातही त्यांनी रुजू केला! हनफींकडे साक्षीदार मुस्तहब, म्हणजे इष्ट आहेत. मी मात्र आजच्या परिस्थितीत आग्रहच धरीन. पतीने परदेशात बसून मनोमन किंवा एखाद्या मित्रासमोर रुजू केला, पत्नीला कळवलेच नाही, इद्दत संपली, आणि तिच्या घरच्यांनी दुसरे स्थळ पाहिले, तर केवढा अनर्थ! म्हणून रुजूचा कागद करावा. त्यावर तलाक कोणत्या तारखेला आणि कोणत्या शब्दांत दिला, कितवा होता, रुजू कोणत्या तारखेला केला हे लिहावे. पतीची आणि दोन साक्षीदारांची सही घ्यावी. पत्नीला त्याच दिवशी कळवावे आणि त्या कागदाची एक प्रत तिच्याकडे, निकाहनाम्याबरोबर ठेवावी. कितवा तलाक, हे लिहिणे विसरू नये. रुजूने निकाह टिकतो, पण दिलेला तलाक पुसला जात नाही. पहिल्यानंतर रुजू केला तर पुढे दोनच उरतात, दुसऱ्यानंतर केला तर एकच.

शेवटी एक प्रश्न, जो दर वेळी विचारला जातो. रुजू झाल्यावर खबरदारी म्हणून निकाह पुन्हा पढवून घ्यावा काय? इद्दतच्या आत रुजू झाला असेल तर नाही. निकाह तुटलेलाच नसतो. इद्दत उलटून गेली असेल आणि तलाक एक किंवा दोनच असतील, तर मात्र रुजूची वेळ गेली. आता तिची संमती, नवा महर आणि दोन साक्षीदार यांच्यासह नवा निकाह करावा लागेल. यासाठी हलाल्याची काहीच गरज नाही, हेही कृपया घरोघरी सांगावे.